तुझ्या हातांबद्दल मी वहीत लिहिलं ते

कुंदा, तुझ्या तेराव्याच्या जेवणात वालाचं बिरडं खारट झालं होतं. सगळे माना खाली घालून जास्तीचा भात मागून घेत होते. मी सवयीने तुझ्याकडे बघायला मान वळवली, तर शेजारी तुझ्या दिराची सून. तिला वाटलं मला पाणी हवंय. तिने तांब्या पुढे केला, मी पाणी प्याले, आणि पिता पिता कळलं की इथून पुढे कुणाच्याही घरच्या खारट बिरड्यावर माझ्याबरोबर गालातल्या गालात हसायला कुणी उरलं नाही.

तिथे रडले नाही मी. तेवढी अब्रू राखली. परतीच्या गाडीत निडीची पाटी दिसली, तुझं माहेर, तेव्हा मात्र पदर तोंडाला लावला. ड्रायव्हरला वाटलं गाडी लागली. त्याने लिंबू दिलं.

परवा शेजारची बोलली, "विहीणच ना हो तुमची, बहीण तर नव्हे. किती मनाला लावून घ्याल?" मी म्हटलं, "बहीण असती तर वाटणीवरून भांडलो असतो, आटपलं असतं." तिला ते कळलं नाही. तुझी एकुलती एक वैशाली माझ्या मुलाची बायको, एवढंच लोकांना दिसतं.

आपली सुरुवात काय झाली होती, आठवतंय ना. बावीस वर्षांपूर्वी तुझ्या रोह्यातल्या मांडवात मी वरमाय. सत्तरीच्या बाईने मागे वळून आपल्याच अठ्ठेचाळिशीकडे बघावं तर काय दिसतं? जांभळा शालू, डोक्यावर गजऱ्याचं अख्खं दुकान, आणि चेहरा असा की जगात पहिल्यांदाच कुणाच्या तरी मुलाचं लग्न होतंय. वर बालवाडीची बाई. सगळ्या जगाने मांडी घालून तोंडावर बोट ठेवून बसावं, ही सवय. वरमाईचे पाय धुवायची वेळ आली आणि तू पितळेच्या परातीऐवजी निळा प्लास्टिकचा टब पुढे सरकवलास. मी पाय मागे घेतला आणि तडक जाऊन गाडीत बसले. एप्रिलचं ऊन, काचा बंद. रुसायचं तर निदान सावलीत रुसावं, एवढीही अक्कल नव्हती त्या बाईला.

तू कमरेवर टब घेऊन आलीस. काचेवर टकटक केलंस.

"विहीणबाय, परात आचाऱ्याने नेलीय, पुऱ्यांचं पीठ मळाय. टब नवा हाय, कालच आणलाय. आता तुमीच सांगा, पाय धुवू का पुऱ्या थांबवू?"

मी काच खाली केली. मानासाठी नव्हे, पुऱ्यांसाठी. भूक लागली होती. तू गाडीच्या दारात बसून माझे पाय धुतलेस आणि धुता धुता करंगळीला असा चिमटा काढलास की मी किंचाळले. वर बघून बोललीस, "पानी गार लागलं काय?" तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही बाई माझ्याच वर्गातली आहे, शेवटच्या बाकावरची. कळायला दोन वर्षं लागली. 'तुम्ही'वरून 'तू'वर यायला आणखी तीन.

ते सगळं सोपं होतं. आता जे लिहायचंय ते सोपं नाही, म्हणून इतका वेळ त्या टबात पाय घालून बसले.

तुझं पोट फुगायला लागलं तेव्हा तू ओवा खाल्लास, हिंग लावलंस. अंडाशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, सलाईनमधून औषधाचे सहा डोस झाले, केस गेले, केस आले. आणि पाचव्या महिन्यात दुखणं परत आलं. डॉक्टरांनी नीट समजावलं. पहिलं औषध प्लॅटिनमचं होतं, आणि आता हा आजार त्याला दाद देत नाही. तू म्हणालीस, "मला लग्नात धड सोनं चढलं नाय. प्लॅटिनम कुठून मानवणार?" डॉक्टर हसले, आणि मग त्यांनी नव्या औषधाची चाचणी घेणाऱ्या एका अभ्यासाचं सांगितलं.

त्या अभ्यासाचं काम बघणारी श्वेता नावाची मुलगी कागदांचा गठ्ठा घेऊन आली. तिने तो अख्खा आपल्याला मराठीत वाचून दाखवला. दर मंगळवारी सुई, तीन मंगळवार घ्यायची, चौथ्याला सुट्टी. सोबत सकाळ-संध्याकाळ गोळी. सुई सगळ्यांना तीच. पण गोळीत काहींच्या नवं औषध आणि काहींच्या नुसताच खडू. कुणाला काय मिळालं ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं, कॉम्प्युटर ठरवतो.

"म्हंजे न बघता स्थळ पत्करायचं," तू म्हणालीस.

"आजी, तुम्हाला नको वाटलं तर कधीही बाहेर पडता येईल. कारणसुद्धा सांगावं लागणार नाही."

"असं आमच्या लग्नात कुनी वाचून दाखवलं नाय गो."

श्वेता हसली, पण वाचणं थांबवलं नाही. हातापायांना मुंग्या येऊ शकतात, बधिरपणा येऊ शकतो, तसं झालं तर लगेच सांगायचं. मग डॉक्टर डोस कमी करतील, गरज पडली तर औषध थांबवतील. त्या वाक्यातलं 'थांबवतील' एवढंच तुझ्या कानात राहिलं, हे मला पुढे कळलं. बाकीचं वाक्य कुणाच्याच कानात राहिलं नाही. माझ्याही.

बाहेरच्या बाकावर बसून तू सांगितलंस, "मला रोह्याला जाऊ दे. सहा महिने काय नि आठ महिने काय." खरं बोलत होतीस. आणि मी काय केलं? मी तुला डिवचलं. म्हटलं, "बरं. वैशालीला सांगते, तुझी आई घाबरली." तू माझ्याकडे बघितलंस, पदर खोचलास आणि आत जाऊन सही केलीस. माझं डिवचणं कधी वाया गेलं नाही आयुष्यात. त्या दिवशी गेलं असतं तर बरं झालं असतं का? रोज सकाळी उत्तर बदलतं.

दर सोमवारी तू पेणला आमच्याकडे यायला लागलीस, मंगळवारची सुई घेऊन बुधवारी परत. येताना पिशवीत शेरभर तांदूळ. लेकीच्या घरचं फुकट खायचं नाही, हा तुझा नेम. वैशाली चिडायची. मी म्हणायचे, "राहू दे गं, वेगळा शिजवते." आणि तुझे तांदूळ आमच्या डब्यात ओतून मोकळी व्हायचे. तू जेवताना म्हणायचीस, "आमच्या तांदळाला वास कसा येतो बघ." तो आमचा तांदूळ असायचा, वाशीनाक्याच्या दुकानातला. हे खोटं मी तुला कधी कबूल केलं नाही. आज करते. मोठं खोटं सांगायच्या आधी हात बसावा म्हणून.

श्वेताने तुला वही दिली होती. रोज भरायची. सकाळची गोळी घेतली का, संध्याकाळची घेतली का, मळमळ, तोंड येणं, थकवा, हातापायांचा बधिरपणा. प्रत्येकापुढे चार चौकोन: नाही, थोडा, बराच, रोजचं काम अडतं इतका. शेवटी 'इतर त्रास' आणि मोकळी ओळ. तू चौथी शिकलेली, अक्षर कोंबडीच्या पायाचं. बालवाडीची बाई घरात असताना वही दुसरं कोण लिहिणार? तू पेणला असलीस की समोर बसून, रोह्याला असलीस की फोनवर. संध्याकाळी आठला माझ्या फोनचा अलार्म वाजायचा, तू गोळी घ्यायचीस आणि आपण वही उघडायचो.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "इतर त्रास?"

"विहीण."

मी खरंच लिहिलं. पेन्सिलीने. मग दोघी इतक्या हसलो की वैशाली स्वयंपाकघरातून बघायला आली. मग खोडलं.

त्या अलार्मचं सांगते. तो अजून वाजतो. बंद करायला फोन हातात घेते आणि मागून तू बोलतेस, "गोळी ऱ्हायली गो." मी पाणी ओतते. दोन भांडी. एक मी पिते, दुसरं ओट्यावर राहतं. वैशाली येते, ते उचलते, तुळशीला घालते. विचारत नाही.

आणि पाऊल. तुझ्या तळव्यांना जमीन कळेनाशी झाली तेव्हा तू पाय आपटून टाकायचीस, टेकला की नाही ते आवाजावरून समजावं म्हणून. मधल्या खोलीपासून मोरीपर्यंत नऊ पावलं. मी पोळ्या करत असले की मागे अजून ती नऊ पावलं वाजतात. मी वळून बघत नाही. बघितलं तर मोजणं चुकेल असं वाटतं.

होळीच्या आधी तू म्हणालीस, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. मी 'थोडा'वर खूण केली. तिथवर आपण खऱ्या होतो.

मग चैत्रात पोह्याच्या पापडांचा घाट घातलास. मी म्हटलं यंदा राहू दे. तू म्हणालीस, "हात रिकामे ऱ्हायले की मानूस पोटाचा इचार करतं." पीठ मी कुटलं, लाट्या मी केल्या, लाटायला तू बसलीस. तुझा पापड म्हणजे पाठीमागे धरलेली बांगडी दिसावी असा. बाकीच्या बायका पापड उजेडाला धरून बघतात. तू कधी धरला नाहीस, लाटता लाटताच बोटाने ओळखायचीस. त्या दिवशी पहिला फाटला. दुसरा मधे जाड, कडेला भोक. तिसरा पोळपाटाला चिकटला. चौथा तू उचललास आणि उजेडाला धरलास. आयुष्यात पहिल्यांदा. बराच वेळ धरून बसलीस.

"सुलभा, पीठ खराब हाय."

मी पीठ हातात घेतलं. रेशमासारखं होतं. म्हटलं, "हो. यंदाचे पोहेच बरोबर नाहीत."

बास. एवढंच. वहीतलं खोटं पुढचं, हे पहिलं. मी त्या वेळी म्हणायला हवं होतं, कुंदा, पीठ चांगलं आहे, हात दाखव. पण विहिणीला असं तोंडावर कोण सांगतं? पाहुणीच्या हातून पेला फुटला तर आपण म्हणतो, जुनाच होता. मी तेच केलं. तुझ्या हातांच्या बाबतीत केलं.

संध्याकाळी वही उघडली. मी 'बराच'वर पेन नेलं. तू माझं मनगट धरलंस. धरलंस म्हणजे वरून हात ठेवलास, पकड नव्हती.

"नाय लिव."

"नाही कसं लिहू? भांडं सुटतं हातातून."

"बराच लिवलंस तर औषध थांबवतील. ती पोरगी वाचतानाच बोललीवती. मग झालं, रोहा."

"तुलाच जायचं होतं ना रोह्याला?"

"तवा जायाचं होतं. आता तीन म्हयने निघालेत, स्कॅन जैसे थे हाय. नातीची बारावी हाय पुढच्या साली. तू लिव गो 'नाय'."

"अगं, डॉक्टरला खोटं..."

"डॉक्टरला नाय, वहीला. वहीला काय दुखतंय."

मी आणखी भांडायला हवं होतं. माझ्यासारखी भांडखोर बाई, नळाच्या पाळीवरून अख्ख्या आळीशी भांडलेली, इथे दोन वाक्यांत गप्प झाली. का, ते तुला सांगते, कारण तू गेल्यामुळे आता मला शरम वाटायची नाही. मला ते आवडलं. तुझी-माझी एक गोष्ट, जी वैशालीला ठाऊक नाही, माझ्या मुलाला नाही, डॉक्टरला नाही. दोघी जणू बालवाडीतल्या पोरी, बाकाखाली चिंचा खाणाऱ्या. मी 'नाही'वर खूण केली आणि दुसऱ्या दिवशीही केली, आणि मग रोज. खूण किती सुबक असायची माझी.

डॉक्टर गाफील नव्हते. दर वेळी विचारायचे. एकदा म्हणाले, "मावशी, ब्लाऊजचे हुक स्वतःचे स्वतः लावता ना?"

"मग काय तुमी येता लावाय?"

अख्खी खोली हसली. डॉक्टर लाजले. सगळ्यांत मोठ्याने मी हसले. त्या सकाळी हुक लावून झाल्यावर तू खोलीतून बाहेर आली होतीस आणि तुझ्यामागून वैशाली. ते मी बघितलं होतं.

आता ती बाई. जिच्यामुळे हे लिहायला बसले.

वैशाखातला मंगळवार. आपण बाकावर नंबराची वाट बघत होतो. शेजारी एक चाळिशीची बाई येऊन बसली, नागोठण्याकडची. हातात श्वेताने दिलेला तोच कागदांचा गठ्ठा, अजून सही न केलेला. तिने तुझ्या वहीकडे बघितलं. "तुम्ही आहात का ह्यात? मला विचारलंय. मी शिवणकाम करते हो, मशीनवर. ब्लाऊज, फॉल-पिको. हातांचं काय होतं ह्याने?"

तू हात पदराखाली घेतलास. "काय नाय होत. मी पापड लाटते."

तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. होकारार्थी. बाई तोंडभर हसली, उठली आणि सही करायला गेली.

त्या दिवशी परतीच्या इको गाडीत तू धरमतरचा पूल येईपर्यंत बोलली नाहीस. नेहमी खाडीतले बार्ज दिसले की काहीतरी टोमणा मारायचीस. मग म्हणालीस, "ती आली असतीच. तिला बी पोरं हायत." मी म्हटलं, "हो." आणि तो विषय आपण कधी काढला नाही. आपलं एवढं एकच भांडण अर्धं राहिलं, आणि ते सुरूसुद्धा झालं नव्हतं.

दुसरं स्कॅन बरं आलं. तिसरं श्रावणात आलं, आणि गाठी वाढल्या होत्या. अभ्यासातून तुला काढलं ते त्या स्कॅनमुळे. हात लपवून काही वाचलं नाही. पोटात पाणी भरायला लागलं. तू रोह्याला गेलीस, लेकीच्या घरी डोळे मिटायचे नाहीत म्हणून. मी येऊन राहिले तुझ्याकडे. पहिल्या दिवशी पिशवीत तांदूळ घेऊन आले. तेवढं तरी तुला हसवलं.

तुझ्या हातांना खोबरेल चोळायचे मी. तू माझ्या हातांकडे बघत राहायचीस, दुसऱ्याच्या घरातलं काम बघावं तसं. "चोळ," म्हणायचीस, "मला कळत नाय, पन चोळ. बघाय बरं वाटतं." एकदा नात तुझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. तू तिच्या केसांवरून हात फिरवत होतीस आणि डोळे मिटून काहीतरी शोधत होतीस. मग हात थांबला. तू गाल खाली नेलास आणि गालाने तिचे केस बघितलेस. मी उठून मागच्या अंगणात गेले. तिथे काही काम नव्हतं.

डोस कमी केला असता तर ते हात सुधारले असते का? कदाचित. दिवस कमी झाले असते का? कदाचित. मला हे दोन कदाचित घेऊन जगायचंय, आणि मी त्यांना तागडीत घालून बघते तर पारडं हलतच राहतं.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तू स्पष्ट म्हणालीस, "सुलभा, त्या वहीचं..." आणि वैशाली औषध घेऊन आत आली. तू तिच्याकडे बघितलंस आणि वाक्य पुरं केलंस, "...कव्हर फाटलंय, घाल." वैशाली बाहेर गेल्यावर मी वाकून विचारलं, वहीचं काय? तुझा डोळा लागला होता. खरा लागला होता की तू सोंग घेतलंस? सोंगात तू पटाईत होतीस. 'वहीचं सांगून टाक' की 'वहीचं कुणाला बोलू नको'? मी दोन्ही वाक्यं तुझ्या आवाजात म्हणून बघते. दोन्ही तुझीच वाटतात.

तेराव्यानंतर चौथ्या दिवशी श्वेताचा फोन आला. आधी तुझ्याबद्दल बोलली, चांगलं बोलली. मग म्हणाली, "आजी, घरी शेवटची वही आणि उरलेल्या गोळ्या असतील, त्या परत लागतात. घाई नाही. त्यांनी इतकं नीट लिहिलंय ना सगळं, पुढच्या बायकांना उपयोग होईल."

फोन ठेवला आणि मला ती शिवणवाली दिसली. तोंडभर हसणारी.

सांगायचं तर आधी वैशालीला सांगणं भाग होतं. दोन दिवस मी घरात चोरासारखी वावरले. तुझी लेक माझ्याशी कधी वाकडं बोललेली नाही; ते गमवायची मला भीती होती, आणि या वयात नवी सून कुठे शोधू. तिसऱ्या दिवशी ती मेथी निवडत होती. मी समोर बसले, जुडी ओढली आणि मेथीकडे बघत सगळं सांगितलं. पापड, वही, हुक, शिवणवाली. ती निवडत राहिली. काडी वेगळी, पान वेगळं.

"आई, मी आईचे हुक पाच महिने लावले. वेणी मी घातली. घास भरवायला बसले तर म्हणायची, आज कंटाळा आलाय. मला ठाऊक नव्हतं असं वाटतं तुम्हाला?"

"मग बोलली का नाहीस गं?"

तिने निवडलेली पानं टोपलीत सारली. मग म्हणाली, "तुम्ही दोघी वही लिहायला बसलात की आतून हसण्याचा आवाज यायचा. दिवसभरात आई तेवढीच हसायची. मी काय सांगून ते बंद करू?"

म्हणजे आपण तिघी जणी एका घरात, एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतो. मला राग यावा असं वाटलं. आला नाही. तिने माझ्या पुढ्यातली जुडी उचलली, मी त्यात काड्या तशाच ठेवल्या होत्या, आणि म्हणाली, "मंगळवारी मी रजा टाकते. बरोबर येते."

श्वेताने ऐकून घेतलं. रागावली असती तर सोपं गेलं असतं. ती उठली, कपाटातून तुझ्या जुन्या वह्या काढल्या, माझ्यापुढे ठेवल्या. मी खोडरबर मागितला. "नाही आजी, खोडायचं नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं काय ते लिहायचं, सही, आजची तारीख." मी पान पान उलटत गेले. प्रत्येक सुबक 'नाही'वर एक रेघ, आणि बाजूला 'बराच', आणि आषाढापासून शेवटचा चौकोन. सही करून करून माझं नाव मलाच परकं दिसायला लागलं. एका पानावर पेन्सिलीने खोडलेलं 'विहीण' अजून दिसत होतं. श्वेताने वाचलं. पान उलटलं.

शेवटी मी त्या शिवणवालीचं विचारलं. श्वेता म्हणाली, "दुसऱ्या पेशंटचं सांगता येत नाही, आजी." बरोबरच होतं तिचं. पण मंगळवार होता. मी वैशालीला म्हटलं, तू चहा पिऊन ये, आणि त्याच बाकावर जाऊन बसले.

ती साडेअकराला आली. डोक्याला रुमाल, बारीक झालेली, हातात फाईल. मला बघून थांबली. "तुमच्या त्या विहीणबाई?" मी सांगितलं. ती शेजारी बसली. मी म्हटलं, "बाई, आम्ही तुला खोटं सांगितलं. तिच्या हातांना काही कळत नव्हतं. मी मान हलवली होती. शिव्या घालायच्या तर मला घाल, ती गेली."

तिने शिव्या नाही घातल्या. हात पुढे केला, बोटं उघडली-मिटली. "मलाही आलं ना बधिर. दुसऱ्याच महिन्यात. सुईत दोरा जाईना. मी रडतच सांगितलं डॉक्टरांना. म्हटलं काढतील आता मला."

"मग?"

"काढत नाहीत हो. एक आठवडा थांबवलं आणि मग सुईचा डोस कमी केला. बस. गोळी चालूच आहे. आता जरा येतं काम." तिने फाईल मांडीवर ठेवली. "काल एका पोरीच्या ब्लाऊजला काजं केली. हाताने."

तिला आत बोलावलं. मी बसून राहिले. वैशाली आली, मी उठले, आपली तीच इको, तोच ड्रायव्हर. वैशालीला हे सांगितलं नाही. तिला आणखी एक ओझं कशाला. मी खिडकीला डोकं टेकून बसले आणि ठरवत होते, कुंदा, की निदान तुला तरी हे कळू द्यायचं नाही. काढलं नसतं त्यांनी. 'बराच' लिहिलं असतं तर फक्त डोस कमी झाला असता, तू तिथेच राहिली असतीस, माझ्या शेजारी बाकावर, आणि नातीचे केस तुला हातांनी कळले असते. हे मी एकटीने बाळगायचं, असं मी पेणपर्यंत घोकत आले.

घरी आले, हातपाय धुतले, आणि बसून तुला सगळं लिहिलं. लपवायचं म्हटलं की मला तुझ्याशिवाय जमत नाही.